पाव्हणं, तुमच्या समुद्रावर चादर टाकली आहे

पाव्हणं, तुमच्या समुद्रावर मी चादर टाकली आहे. जाड, आपली सोलापुरी, घडीवर घडी घालून. काचेच्या चारी बाजू झाकल्या, वरचं तोंड झाकलं, फटीत जुने टॉवेल कोंबले. उजेडाचा कण आत जाऊ नये असं केलंय. आत तुमचे दोन नारिंगी मासे आहेत, पोवळी आहेत, गोगलगायी आहेत. ते जिवंत आहेत का मेले, मला माहीत नाही. आज तिसरा दिवस. मी शेजारी खुर्ची टाकून बसलोय आणि हे लिहितोय. वही मांडीवर धरलीय. अक्षर तसंही कुठं चांगलं होतं.

मंगल येऊन बघून गेली. "आबा, काय लिव्हताय?"

म्हणलं, "तुज्या नवऱ्याशी बोलतोय. तू तुजं काम कर."

तुमच्या कंपनीतली माणसं तुमच्यावर एक लहान पुस्तक काढणार आहेत. चिंचोळीहून दोघं आले होते. म्हणाले, आबा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हणालो, माझ्या जावयाबद्दल मी दुसऱ्याच्या हातानं लिहीन का? शाळा थोडी केली, पण जेवढी केली तेवढी पक्की केली. तुम्ही कुठं जन्मला, काय शिकला, कुठल्या खात्यात होता, ते त्यांच्या साहेबांनी लिहावं. मला ते बोलायचं नाही. मला भ्या वाटतंय, पाव्हणं, आणि ते सांगायला ह्या घरात तुमच्याशिवाय कोण नाही. मंगलला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त भिईल.

मी भित्रा नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मोडनिंबला बोरीच्या बागेत पायाशी नाग निघाला, तेव्हा मी खुरपं सोडलं नव्हतं. बायको गेली, बाग विकली, लेकीच्या घरी राहायला आलो, तेव्हाही मान खाली घातली नाही. आणि आता चादरीखाली गार काळोखात काय झालं असेल ह्या विचारानं मी चादरीचं टोक उचलायला धजत नाही.

तुम्ही पहिल्या पाळीला निघालात तेव्हा मला म्हणालात, "मामा, संध्याकाळी पाणी बदलू. बादलीत मीठ भिजवून ठेवा." मी आरओचं पाणी भरलं, तुमच्या मापानं समुद्राचं मीठ टाकलं, त्यात तो लहान पंप सोडला. मीठ गरगर फिरायला लागलं. दुपारी तुम्हाला आणलं. छातीत कळ आली म्हणाले, मशीनजवळच बसला, म्हणाले. लोक रडत होते, मंगलला बायकांनी धरलं होतं, आणि न्हाणीत ती बादली फिरत होती. कुणी बंद केली नाही. मीही केली नाही.

जिथं तुम्हाला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला. तो तेरावा होईपर्यंत विझू द्यायचा नसतो, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? रात्रंदिवस कुणीतरी तेल घालत होतं. त्याच संध्याकाळी तुमच्या टाकीचा टायमर टक् करून बंद झाला आणि निळा उजेड गेला. मंगल एकदम उठली. बायकांच्या हातातून सुटली आणि ओरडली, "लावा! त्यो पण लावा! त्यांचा दिवा हाय त्यो!"

कुणाला कळेना. मला कळलं. मी टायमर उपटला, प्लग सरळ भिंतीत घातला. मग मी पहारा केला. समईकडे दुसरे बघत होते, काचेच्या दिव्याकडे मी. तुमच्या करकंबच्या चुलतभावानं एकदा बटणाला हात लावला, डोळ्यावर येतंय म्हणून. मी त्याला असा बघितला की तो अंगणात जाऊन झोपला.

आणि येणारा प्रत्येक माणूस काचेपुढं उभा राहून डबीतलं खाणं चिमटीनं टाकायचा. मुक्या जिवाला घास. तुमच्या आत्याबाई तर मूठभर टाकून हात जोडायच्या. मी कुणाला अडवलं नाही. घरात चूल बंद होती, निदान मासे तरी जेवतायत, असं मला वाटलं.

तुम्ही असता तर त्याच दिवशी म्हणाला असता, मामा, काय केलंत!

पण नसता म्हणाला. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मलाच ते खुपायचं. भांडायला मजा येत नाही अशा माणसाशी.

पहिल्यांदा ही टाकी आणली तेव्हा मी हसलो होतो. लोखंडी चौथरा तुम्ही स्वतः वेल्डिंग करून केला होता. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, पिंपं भरताना माझी कंबर मोडते, उन्हाळ्यात पत्रा हात भाजतो, आणि जावई म्हणतोय हितं समुद्र करणार. मी म्हणलं, "पाव्हणं, मिठाच्या पाण्यात बोरं घाला. खारवून तरी खाता येतील."

"बोरं तुमी घाला मामा, मासे मी घालतो."

"आन् मासे मेल्यावर?"

"मग तुमाला कालवण."

मंगल किती हसली होती त्या दिवशी. तिचं हसणं आता मला आठवावं लागतं, ऐकू येत नाही.

मग काचेवर तपकिरी धूळ आली. मी म्हणलं, झालं, नासलं पाणी. तुम्ही म्हणालात, "ते जावळ हाय मामा. नव्या टाकीला येतंयच. आपोआप जातंय." आणि गेलं की खरंच. मग मी टाकीकडं बघायला लागलो. तुम्हाला दाखवलं नाही, पण तुम्ही पाळीला गेलात की मी खुर्ची ओढून बसायचो. मला वाटायचं, तण ते तण. पाण्यातलं काय आणि वाफ्यातलं काय. उभ्या जन्मात मी तणच काढलं.

म्हणून तुम्ही दोघं करकंबला लग्नाला गेलात तेव्हा मी मागच्या काचेवरचा गुलाबी थर पात्यानं खरवडून काढला. दिवसभर. आरशासारखी काच केली. तुम्ही आलात, बूटही काढले नाहीत, काचेकडं बघत उभे राहिलात. मग म्हणालात, "लई मेहनत घेतली मामा."

दुसऱ्या दिवशी पिंप भरताना सांगितलंत, ते गुलाबी चांगलं असतं. दगडावर चढावं म्हणून लोक वाट बघतात. ते असलं की वाईट शेवाळाला जागा मिळत नाही.

मी विचारलं, "राग आला असंल की?"

"आला व्हता. पण काच लई चकचकीत झाली व्हती."

चुकलं म्हणायची मला सवय नाही. आत्ताही म्हणत नाही. पण गुलाबी परत आलंय, पाव्हणं. डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं. तुम्ही गेल्यावर दिसलं मला. बोलावून दाखवायला वळलो होतो.

तर त्या तेरा दिवसांनी पाणी बिघडलं. दगडांवर हिरवे केस वाढले, हाताच्या बोटाएवढे. ते मला ओळखू आले, कारण ते तुम्ही माझ्याकडून उपटून घ्यायचात. "मामा, खुरपणीला चला," म्हणायचात. मी बाही वर करून रोज मूठमूठ उपटत होतो. उपटलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच. लव्हाळ्यासारखं; वरचं पातं हातात येतं, गाठ खाली हसत बसते. दगडाच्या सांध्यात हिरवे मणी पण दिसले. ते फोडायचे नाहीत हे लक्षात होतं. एकदा मी फोडायला गेलो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलं होतंत, फुटला की आतलं बी पाण्यात पांगतंय म्हणून. जावयानं सासऱ्याचं मनगट धरलं, त्याचा मला दोन दिवस राग होता. आता त्या जागेवर माझाच हात जातो.

आणि मग एका सकाळी वाळूवर लाल पसरलेलं दिसलं. जुन्या रक्ताचा असतो तसा रंग. खाली बुडबुडे अडकलेले. मी मंगलला हाक मारली नाही. खांद्यावरचा टॉवेल काचेच्या त्या भागावर टाकला, तिला दिसू नये म्हणून, आणि तिथंच उभा राहिलो. कारण तुमच्या एका मित्राची गोष्ट तुम्ही सांगितली होती. त्याच्या टाकीत तपकिरी शेंबडासारखं काहीतरी आलं, गोगलगायी मेल्या, मग पोवळी गेली, मग त्यानं टाकीच रिकामी केली. हे तेच असलं तर? मी काय करणार होतो, पाव्हणं? बोर वाळलं तर नवीन लावता येतं. हे तुमच्या हातचं आहे. दुसरं कुठून आणू?

"आधी ओळखायचं मामा, मग हात घालायचा." हे तुम्ही शंभरदा म्हणाला असाल आणि मी शंभरदा म्हणलो असेन, तण ओळखून काय त्याची सोयरीक करायची हाय? त्या सकाळी मी तुमची नळी घेतली. तोंड लावून पाणी ओढलं, नळीचं टोक त्या लालवर धरलं. तुम्ही सांगितलेलं आठवत होतं: धाग्यासारखं, शेंबडासारखं लोंबत आलं तर वाईट. सायीसारखं, पापुद्र्यानं सुटलं तर ते शेवाळच नव्हे. शेवाळाचं सोंग घेतलेले जंतू. त्याला उपाय आहे.

पापुद्रा सुटला. अख्खी साय सरकन नळीत गेली. बादलीत नाक घातलं तर कुजका वास. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मंगलनं मागून विचारलं, "आबा, ते रक्त कसलं हाय?"

तिनं टॉवेल कधीच उचलला होता.

पाव्हणं, तुमची मंगल काचेपुढं झोपते. आतल्या खोलीत गेलेलीच नाही. निळा उजेड तिच्या तोंडावर, आणि ती अंथरुणावर बसून बघते, कधी दोन माशांना नावानं हाक मारते. जेवते का? मी ताट समोर सरकवतो म्हणून जेवते. ती टाकी मेली तर माझी लेक कुठल्या बाजूला जाईल, ते मला माहीत नाही. हे मी पहिल्यांदा लिहिलं. मनात पण धड म्हणलं नव्हतं.

मी विजापूर वेशीजवळ तुम्ही मासे घ्यायचात त्या दुकानात गेलो. रिक्षा केली नाही, चालत गेलो. दुकानवाल्यानं मला बसवलं, तुमच्यासाठी डोळे पुसले. मग विचारलं, "चाचा, लाइट कब बंद करते?"

"बंद करत न्हाई."

"बंदीच नै करते?" त्यानं कपाळाला हात लावला. मग एक पुडी दिली. "ये डालो. लाल पूरा साफ. लेकिन चाचा, भाई ये कब्बी नै ले जाते थे. मेरेकू डाँटते थे."

घरी आणली. मंगल म्हणाली, "टाका आबा. मला ते लाल बघवंना." मी कात्रीनं पुडी कापली. आपलं शेवटचं भांडण ह्यावरच होतं की नाही? तुम्ही जायच्या आधीच्या रविवारी. मी म्हणत होतो, बोरीवर भुरी आली की आम्ही गंधक मारायचो, संपला विषय. तुम्ही म्हणत होता, "असलं लाल आलं तर मारायचं न्हाई, त्याचं जेवण बंद करायचं. उजेड आन् उरलेलं खाणं."

"उपाशी मारण्यापरीस औषध बरं की. एकदाच काय ते."

"मामा, पुडीतलं औषध नाव विचारून मारत न्हाई. दगडात चांगले जंतू हायत, त्यांच्या जिवावर हे पाणी उभं हाय. ते पण जातील."

मी म्हणालो होतो, चांगले जंतू आजवर कुणी बघितले? मंगलनं पानं वाढली आणि भांडण तिथंच राहिलं. आता माझ्या हातात पुडी होती, तुम्ही नव्हता. टाकली असती तर मी जिंकलो असतो. हात पुढं जाईना. भांडण जिंकायचं तर समोर माणूस पाहिजे.

पुडी खिशात घातली. अजून तिथंच आहे.

मग तुम्ही सांगितलेली रीत, तीन दिवस पुरा अंधार. पहिल्यांदा सगळी लाल साय नळीनं ओढून काढायची. गेलं तेवढं पाणी नवीन घालायचं. न्हाणीतली ती बादली मी तेरावा झाल्यावर बंद करून झाकून ठेवली होती. ओतून टाकायला मन होत नव्हतं. तेच पाणी पुन्हा ढवळून, खारेपणा बघायच्या तुमच्या काचेच्या मापात बघून घातलं. तुम्ही सांगितलेलं पाणी बदलून झालं, पाव्हणं. उशीर झाला, पण झालं. हवेचा पंप जास्तीचा सोडला, कारण अंधारात माशांना दम कमी पडतो असं तुम्ही म्हणायचात. आणि मग मी चादर घेऊन आलो.

मंगलनं ती माझ्या हातातून ओढली. "आबा! त्यांच्या तोंडावर कापड घालताय?"

चादर एका बाजूनं मी धरलेली, एका बाजूनं तिनं.

"दिवा विझवायचा न्हाई," ती म्हणाली. "मी विझवू देणार न्हाई."

"समई आपण तेराव्याला शांत केली, मंगल. ह्यो कुणी केला न्हाई. म्हणून ते लाल आलं."

"मग येऊ दे!"

मला विनवता येत नाही. तुम्हाला माहीत आहे, जन्मात कुणाच्या पाया पडलो नाही. तिच्या पडणार होतो. त्याआधी तोंडातून निघालं, "तुजा नवरा रोज संध्याकाळी ह्यो दिवा बंद हू द्यायचा. रोज. तू तवा रडलीस का गं?"

मला वाटलं आता ही मला मारते. पण तिनं चादर सोडली, भिंतीशी गेली आणि बटण तिनंच दाबलं. मग भिंतीकडं तोंड करून तशीच उभी राहिली. मी एकट्यानं झाकलं.

तेव्हापासून मी इथं बसलोय. काल दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर पंप चालतो हे ठाऊक असून मी चादरीखालून काचेला तळवा लावून बसलो, थरथर लागतेय का बघायला. लागत होती. वीज आली तरी हात काढला नाही. आतून एकदा टक् असा आवाज आला, गोगलगाय दगडावरून पडल्यासारखा. मी देवाला हाक मारली नाही, तुम्हाला मारली. नाव घेऊन मारली. जावयाचं नाव घ्यायला मला कधी जमलं नव्हतं, पाव्हणं म्हणूनच भागायचं. घरात कुणी नव्हतं म्हणून घेतलं.

तुम्ही मला एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही की मामा, किती दिवस राहणार. उलट पाणी यायच्या दिवशी पाळीवरून फोन करून विचारायचात, "मामा, पिंप भरलं का? तुमच्याबिगर ह्या घराचं न्हाई चालायचं." मी खेकसायचो, भरलं की, फोन ठेवा. खेकसलो नसतो तर माझा आवाज भरून आलाय हे कळलं असतं.

मंगल आली. उभी आहे. म्हणते, "आबा, झाले की तीन दिवस. काढा."

मी म्हणलं, तू काढ. ती म्हणते, तुमी काढा. थांबा, पाव्हणं.

*

काढली. दोघांनी मिळून. पहिल्यांदा काहीच दिसेना, पाणी गढूळ. मग वाळू दिसली. पांढरी. लाल नाही, कुठंच नाही. हिरवे केस आहेत, पण पिवळट पडून लोळलेले. उजवीकडचं ते मऊ पोवळं, हातासारखं, ते आकसून गोळा झालंय. जगेल का सांगता येत नाही. एक गोगलगाय उपडी पडली होती, मी सरळ केली, ती चालली.

एक मासा आला. दुसरा आला नाही.

मी दगडामागं बघतोय, पंपामागं बघतोय. बोलू की नको? मंगल गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून बघत होती आणि तिनं तुमच्यासारखंच, नखानं नाही, बोटाच्या पेरानं काचेवर हळू वाजवलं. तो आला. पोवळ्याच्या खालून, झोपेतनं उठल्यासारखा तिरका. तिला बघून तोंड उघडायला लागला.

"भूक लागली व्हय रं," ती म्हणाली. चिमटीत चार दाणे घेतले आणि त्यातले दोन परत डबीत टाकले.

टायमर परत लावला. संध्याकाळी दिवा आपला आपण गेला. मी तिच्याकडं बघत होतो. ती उठली नाही, ओरडली नाही.

"आबा, लाल परत आली तर?"

"येणार की. आली तर पुन्हा झाकू."

"पुन्हा?"

"पुन्हा."

"बरं," म्हणाली. तिनं काचेपुढचं अंथरूण उचललं, बगलेत धरलं आणि आतल्या खोलीत गेली, तुमच्या. आत कूस बदलल्याचा आवाज आला. मग काही नाही.

पाव्हणं, अंधारात मासे कुठं आहेत मला दिसत नाही. रोज दिसायलाच पाहिजेत असं नाही, असं तुम्ही म्हणायचात. एवढा धीर मला अजून आलेला नाही. मी बसतो.